जुलैतली मान

दुखण्यांमध्येही उतरंड असते. टायफॉइडला तापाचा तक्ता मिळतो. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर मिळतं आणि त्यावर सह्या करायला अख्खं ऑफिस पेन काढून येतं. मूतखड्याची तर निघाल्यावरही बडदास्त राहते; आमच्या नात्यातल्या एक आत्या आपला खडा काजळाच्या डबीत जपून आल्यागेल्याला दाखवत असत. मान धरली तर यातलं काही वाट्याला येत नाही. ताप नाही, सूज नाही, रक्त तर नाहीच. बाई एकाच बाजूला बघत बसली आहे एवढंच लोकांना दिसतं, आणि तिकडे असं काय आहे म्हणून तेही वळून बघतात.

माझी धरली जुलैत. मी फोर्टमधल्या एका सीएच्या ऑफिसात कामाला आहे, आणि जुलै म्हणजे रिटर्नचा हंगाम. ३१ तारखेच्या आत रिटर्न भरायचं हे ज्यांना एप्रिलपासून ठाऊक असतं, ते सगळे विशी उलटल्यावर फोन करतात आणि विचारतात, ‘मॅडम, आपलं झालं ना?’ आपलं कसं होणार, तुमचा फॉर्म सोळा अजून तुमच्याच कपाटात आहे, हे मी त्यांना डावा खांदा वर करून, तो आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून, उजव्या हाताने दुसऱ्याच कुणाचं रिटर्न भरता भरता सांगते. या आसनाचा मला फार अभिमान होता. ऑफिसातल्या नव्या मुलींना ते जमत नाही. त्या कानात काहीतरी खुपसून मोकळ्या हातांनी बोलतात, आणि मग त्यांची दमणूक कुणाला दिसत नाही.

इतका पराक्रम करूनही मान धरली ती घरी, ओढणीला पिन लावताना. गॅसवर दूध होतं, हॉलमध्ये नवरा होता, आणि त्या दोघांची गाठ घालून द्यावी म्हणून मी ‘अरे, दूध!’ असं ओरडत उजवीकडे वळले. मानेत डाव्या अंगाला काहीतरी कट्‌कन झालं. पुढच्या क्षणी तोंड आपोआप डावीकडे आलं, डावा कान खाली झुकला, डावा खांदा त्याच्या भेटीला वर गेला आणि सगळं तिथेच अडकलं. दूध मात्र अडकलं नाही. नवरा धावत आला. त्याने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं, आणि मग मला विचारलं, ‘तिकडे काय बघतेयस?’

मान खरोखरच धरली आहे हे पटल्यावर घरात बैठक बसली. सासूबाई म्हणाल्या, ‘उशीचा दोष असतो. उशी उन्हात टाका.’ हा उपाय मी माहेरीही ऐकला होता. तो करणाऱ्याला काहीच त्रास नसतो, जो काही व्हायचा तो उशीला होतो, म्हणून मला आवडतोही. पण जुलैत डोंबिवलीत ऊन कुठून आणायचं? तरी उशी गॅलरीत दोरीवर चढली आणि अर्ध्या तासात चिंब झाली. मग सासूबाईंनी ती इस्त्रीने शेकली. त्या रात्री आमच्या खोलीत ओल्या कापसाचा आणि भाजलेल्या अभ्र्याचा मिळून जो वास सुटला, त्यापुढे मानेचं दुखणं थोडा वेळ मागे पडलं हे खरं.

सासरे संस्कृतचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यापासून घरात कुणी शिंकलं तरी ते ग्रंथ काढतात. ‘मन्यास्तंभ,’ ते चष्मा सारखा करत म्हणाले. ‘चरकांनी वाताचे ८० विकार मोजलेत, त्यात हा आहे. आणि सुश्रुतांनी कारणंही दिलीत. दिवसा झोपणं, वेडंवाकडं बसणं आणि सतत वर बघत राहणं.’

तिन्हींपैकी घरच्यांनी पहिलं उचललं. मी रविवारी दुपारी झोपते. बाकी आठवडाभर मी काय करते हे त्यांच्यातल्या कुणी बघितलेलं नाही, त्यामुळे पुरावा तेवढाच होता. वर बघायला मला वेळ कुठे मिळतो, असं मी म्हणाले. सासरे काही बोलले नाहीत, पण त्यांनी पानात खूण घालून ठेवली.

मी रजा घेतली नाही. जुलैत आमच्याकडे रजा फक्त मयताला मिळते, तीही जवळच्या. ‘अशा मानेने स्कूटर काढू नकोस,’ असं नवरा म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. मान वळत नसेल तर गाडी हातात घेऊ नये, असं पुढे डॉक्टरांनीही बजावलं. पण शेअर रिक्षा, तिची तिसरी सीट आणि त्या महिन्यातले आमचे रस्ते यांचा विचार करून मी हेल्मेट चढवलं आणि स्टेशनकडे निघाले. चौकात शिटी वाजली.

‘मॅडम, गाडी बाजूला घ्या. फोन ठेवा खाली.’

‘फोन नाहीये माझ्याकडे.’

‘मग खांद्यात काय धरलंय?’

‘कान आहे माझा.’

हवालदारांनी गाडीला फेरी मारून पाहणी केली. ‘हेल्मेटात कोंबलाय. काढा हेल्मेट.’

हेल्मेट काढताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने चौकातली दोन कुत्री उठून गेली. हवालदारांचा चेहरा पालटला. चलानचं यंत्र खिशात परत गेलं. ‘लचकली होय? अगोदर सांगायचं ना. गोळ्याबिळ्या घेऊ नका. पूर्वेला एक पायाळू मावशी आहेत. माझी कमरेतली उसण एका पायात घालवली त्यांनी.’ आणि वाहतूक खोळंबवून त्यांनी मला पत्ता लिहून दिला. माझ्या दुखण्याची पहिली सरकारी दखल ही अशी घेतली गेली.

गाडीत मला चौथी सीट मिळाली. मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते: लोकलमध्ये बाक तिघींचा असतो, चौथी जी बसते ती बसल्याचं समाधान घेत असते. माझं तोंड डावीकडे, म्हणजे थेट तिसऱ्या सीटवरच्या बाईच्या गालावर. तिने ठाण्यापर्यंत सोसलं. मुलुंडच्या पुढे तिने पर्समधून आरसा काढला, स्वतःला नीट न्याहाळलं आणि विचारलं, ‘काही लागलंय का माझ्या तोंडाला?’ मी कारण सांगितलं. पण दूध बघताना मान धरली हे इतक्या बायकांत कसं सांगायचं? मी म्हणाले, शीर्षासन करताना.

ते भोवलं. डब्यात एक योगवर्ग चालवणाऱ्या काकू होत्या. त्यांनी तिथल्या तिथे माझी उलटतपासणी घेतली: भिंतीला टेकून की मोकळं, श्वास कुठे सोडला, कुणी शिकवलं. मी घाटकोपर ते दादर खोटं बोलत होते आणि मान वळत नसल्यामुळे त्यांच्या नजरेला नजर द्यावी लागत नव्हती, एवढीच त्यातली सोय. बाकीच्यांनी तोवर उपायांची मोट बांधली. निर्गुंडीचा पाला, मिठाची पुरचुंडी, एरंडाचं पान, महानारायण तेल, उशी बदला, उशी काढून टाका, लाटणं फिरवा. एक आयटीतली मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, ‘स्क्रीन वर घ्या. डोळ्यांच्या लेव्हलला हवा.’ हे मला आधुनिक वाटलं. मी ऑफिसात मॉनिटरखाली बॉक्स फाइली लावल्या आणि घरी लॅपटॉपखाली दिवाळी अंक. त्या अंकांचा आमच्या घरात इतका उपयोग पहिल्यांदाच झाला. २०२० साली जगात सुमारे २० कोटी माणसांना मानदुखी होती असा अंदाज मी पुढे वाचला. त्यांतल्या बऱ्याच जणी आमच्याच डब्यातून जातात असा माझा समज आहे.

दुखणं वाढलं तशी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरबाईंनी मुलाखत सुरू केली.

‘हाताला मुंग्या? बधिरपणा?’

‘नाही.’

‘हातातून वस्तू पडतात? बटणं लावायला जड जातं?’

‘नाही.’

‘ताप? जोरात डोकं दुखतं? उलट्या?’

‘नाही.’

‘कुठे पडलात, गाडीला धक्का वगैरे?’

‘नाही.’

‘चालताना तोल जातो? लघवीवरचा ताबा?’

यालाही ‘नाही’ म्हणताना मला आपण मुलाखतीत नापास होत असल्याची भावना झाली. डॉक्टरबाई मात्र खूश दिसल्या. यातल्या एकालाही ‘हो’ आलं असतं तर गोष्ट वेगळी होती, तुम्हाला इथे बसू न देता पुढे पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या. मणक्यातून निघणारी नस दाबली गेली असेल, मज्जारज्जूवर दाब असेल, मेंदूच्या आवरणाला सूज असेल, तर शरीर या खुणा देतं. माझं तसलं काही नव्हतं. ‘स्नायू आखडलाय. दुखतं म्हणून तो आवळून धरतो, आवळला की आणखी दुखतं. आठवडाभरात, फार तर दोन आठवड्यांत सुटेल. शेका, आणि सोसेल तेवढी हलवत राहा.’

‘गरम शेकू की बर्फ लावू?’

‘बरं वाटेल ते.’

‘एक्स-रे?’

‘गरज नाही.’

‘एमआरआय?’

‘कशाला?’

कशाला हे मला सांगता येईना. ऑफिसात दाखवायला, हे खरं उत्तर होतं. निघताना मी विचारलं, नवऱ्याच्या सलूनमध्ये एक जण मान कटाकट मोडून देतो, त्याच्याकडे जाऊ का? तेव्हा डॉक्टरबाई पहिल्यांदा गंभीर झाल्या. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांमधून वर जातात. झटका देऊन मान पिळली तर क्वचित का होईना त्या आतून फाटू शकतात, आणि मग प्रकरण लकव्यावर जातं. ‘चंपी करून घ्या, मान देऊ नका,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी जी गोळी दिली ती स्नायू सैल करण्याची होती. अशी गोळी मेंदूमार्फत काम करते, त्यामुळे आपला आखडलेला स्नायू कुठला आणि जागं राहायला लागणारा माणूस कुठला, हा भेद ती ठेवत नाही. रात्री घ्यायची, असं पाकिटावर लिहिलं होतं. मी ती निघताना घेतली, घरी पोचेपर्यंत गुण येईल म्हणून. जाग आली तेव्हा बदलापूर होतं.

बरोबर एक मलमही होतं, डायक्लोफेनॅकचं. ते चोळायचं काम नवऱ्याकडे आलं. नवऱ्याला पक्ष्यांचा नाद आहे. ट्यूबवरचं नाव वाचून त्याचा हात थबकला. ‘हेच ते,’ तो म्हणाला. आणि मग माझ्या मानेवर निम्मं मलम तसंच ठेवून त्याने मला गिधाडांची कथा सांगितली. हे औषध जनावरांनाही देत. औषध दिलेलं जनावर मेलं की ते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण काय ते २००४ साली उमगलं आणि २००६ साली सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. ‘आजारी गिधाडं कशी ओळखू यायची माहितेय?’ तो हळव्या आवाजात म्हणाला. ‘फांदीवर मान टाकून बसायची बिचारी.’ आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पडलेल्या मानेबद्दल एवढी कणव मी त्याच्या आवाजात त्याआधी ऐकली नव्हती.

शेवटी सासूबाईंनी हवालदारांची चिठ्ठी बाहेर काढली. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय उसणीला लागला की ती जाते, यावर त्यांचा विश्वास होता, आणि सरकारी माणसाने शिफारस केल्यावर तो दुप्पट झाला. मावशी सत्तरीच्या, बोलायला मोकळ्या. पैसे घेत नाहीत, नारळ चालतो. अडचण एवढीच निघाली, की त्यांचे गुडघे गेले होते. कमरेपर्यंत पाय कसाबसा जाई, मानेपर्यंत नेणं अशक्य. मी पाटावर बसून पाहिलं, पाट काढून पाहिलं, तरी पाय पोचेना. मग असं ठरलं, की मावशींनी पलंगावर बसायचं, मी खाली सतरंजीवर पालथं पडायचं आणि पाय नुसता वरून सोडायचा. तसा तो तीनदा सोडला गेला. लाथ म्हणावी असं त्यात काही नव्हतं, अंगठा टेकला एवढंच. गंमत पुढे झाली. मला उठता येईना. मान न उचलता पालथा माणूस उठतो कसा याचा मी त्याआधी कधी विचार केला नव्हता. सासूबाईंनी एका हाताला धरलं, मावशींनी पलंगावरून दुसऱ्या, आणि तेवढ्या ओढाताणीत खांद्यात पुन्हा एक बारीक कट् झालं. ‘सुटली!’ मावशी म्हणाल्या. सुटली नव्हती. पण दोघींची तोंडं बघून मी हो म्हणाले, आणि घरी येताना रिक्षात डावीकडे बघत बसले.

यानंतर मी स्वतःच्या खर्चाने एक्स-रे काढला. अहवालात दोन ओळी होत्या: मानेची नैसर्गिक कमान सपाट झाली आहे आणि खालच्या मणक्यांच्या कडांना झीज आहे. मला कोण आनंद झाला! झीज! घरी जेवणाच्या टेबलावर मी ती मोठ्याने वाचली. नवरा म्हणाला, ‘झिजली कशी? तू तर ती हलवतच नाहीस.’

ती फिल्म पिशवीतून डोकावेल अशी धरून फिरायचं तरी किती? म्हणून औषधाच्या दुकानातून मी मानेचा पट्टा आणला, फोमचा, बदामी रंगाचा. आणि माझे दिवस पालटले. पट्टा लावून पहिल्यांदा डब्यात शिरले तेव्हा बोलणी थांबली. चौथी नाही, तिसरी नाही, थेट खिडकी! योगवाल्या काकूंनी माझी पिशवी मांडीवर घेतली आणि शीर्षासनाचा विषय कायमचा सोडून दिला. ऑफिसात साहेबांनी चहा स्वतः आणून ठेवला. जे काम ताप, सूज, रक्त यांपैकी काहीच नसल्यामुळे अडलं होतं ते एका बदामी फोमने केलं.

फिजिओथेरपिस्ट मुलीने तो पट्टा पाहताक्षणी काढून टेबलावर ठेवला. ही डॉक्टरबाईंनी सुचवलेली. वयाने माझ्या भाचीएवढी, आणि मला ‘काकू’ म्हणणारी. साध्या मानदुखीला पट्टा हल्ली कुणी देत नाही, म्हणाली. मान बांधून ठेवली की आणखी आखडते आणि स्नायू आळसावतात. एक्स-रे तिने उजेडात धरला आणि परत पाकिटात घातला. ‘चाळिशीनंतर ही झीज कित्येकांना दिसते, काकू. त्यातल्या पुष्कळांचं काहीच दुखत नसतं. आणि कमान सपाट दिसते ती आखडलेल्या स्नायूमुळेही दिसते.’ एका वाक्यात तिने माझे दोन्ही दाखले रद्द केले.

मग मी माझ्याकडचा आकडा काढला. डोकं पाचेक किलोचं असतं, पण ते ६० अंशांत पुढे झुकवून मोबाइल बघितला तर मानेवर २७ किलोंचा भार येतो. म्हणजे जवळजवळ एक भरलेला गॅस सिलिंडर. हे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेलेलं. ती म्हणाली, आकडा खरा आहे, पण तो हंसराज नावाच्या अमेरिकेतल्या सर्जनने २०१४ साली संगणकावर मांडलेल्या प्रतिकृतीतला आहे, कुणाच्या मानेवर वजनकाटा लावून मोजलेला नाही. आणि मान वाकवली की दुखतेच असंही सिद्ध झालेलं नाही. ‘कसंही बसा. फक्त तासन्‌तास तसंच बसून राहू नका. मणके सातच दिलेत आपल्याला.’ जिराफालाही सातच असतात, असं ती पुढे म्हणाली. एवढ्या मोठ्या मानेत सातच! त्याला रिटर्न भरायचे नसतात म्हणून भागतं.

आणि मग तिने मला खुर्चीत बसवलं आणि ऑफिसात बसते तसं बसून दाखवायला सांगितलं. मी बसले. तिने नुसतं पाहिलं.

‘दुसरा स्क्रीन डावीकडे आहे का?’

मी थक्क झाले. दुसरा स्क्रीन मी साहेबांशी वर्षभर भांडून मिळवला होता. पोर्टल मधल्या स्क्रीनवर आणि पक्षकाराची कागदपत्रं डावीकडे. जुलैत मी जवळजवळ पूर्ण दिवस डावीकडेच बघत असते. फोन डाव्या कानाखाली असतो हे मी सांगायच्या आधीच तिने ओळखलं. मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून खांद्याच्या फऱ्याच्या कोपऱ्यापर्यंत एक पट्टीवजा स्नायू उतरतो. खांदा उचलणं, मान त्याच बाजूला झुकवणं आणि वळवणं ही त्याची कामं. माझ्या डाव्या बाजूचा तो स्नायू ही तिन्ही कामं एकदम, जेवणाची सुट्टी सोडून, करत होता.

‘आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे?’

आहे. त्यात जवळचं बघायची काच खाली असते. समोरचा स्क्रीन त्या काचेतून दिसावा म्हणून मी नकळत हनुवटी वर करून बसते. आणि आयटीतल्या मुलीचं ऐकून मी तो स्क्रीन आणखी वर चढवला होता! तिचं चुकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांना अजून चष्मा नाही. पण माझ्यासाठी स्क्रीन खाली हवा, नाही तर संगणकापुरता वेगळा चष्मा. म्हणजे बॉक्स फाइली आणि दिवाळी अंक लावल्यापासून मी दिवसभर करत होते काय? तर वर बघत होते. घरी हे सांगितल्यावर सासरे काही न बोलता उठले, सुश्रुतसंहिता काढली आणि खुणेचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवशी त्यांनी रात्री श्रीखंड मागून घेतलं.

व्यायाम दिले ते अगदीच मामुली. मान सोसेल तिथवर हळू वळवायची, खांद्यांचे फरे मागे एकमेकांकडे ओढायचे, आणि दर अर्ध्या तासाने हनुवटी सरळ मागे न्यायची, गळ्याला दुसरी हनुवटी पडेपर्यंत. हा शेवटचा मी टेबलाशी बसूनच करायचे. एका दुपारी समोर एक जुने पक्षकार बसले होते, निवृत्त, बोलायला गोड, आणि मी त्यांची बेरीज वाचून दाखवता दाखवता अर्धा तास भरला म्हणून हनुवटी मागे ओढली. डोळे समोरच होते. हे करताना माणूस कसा दिसतो ते मी पुढे आरशात पाहिलं: जबर धक्का बसलेला. गृहस्थ चुळबुळले. मी दुसऱ्यांदा ओढली. ‘मॅडम,’ ते रुमालाने कपाळ टिपत म्हणाले, ‘पतपेढीतल्या ठेवीचं व्याज सांगायचं राहिलं बघा.’ तिसऱ्या वेळेला बायकोच्या नावचं दुकानाचं भाडं निघालं. साहेबांनी हा व्यायाम ऑडिटच्या मुलांनाही शिकवायला सांगितला आहे.

पट्टा मात्र मी टाकला नव्हता. ऑफिसात नाही, घरी नाही, फक्त गाडीत लावायचा, दोन वेळा. मान तोवर बरीच हलकी झाली होती, पण खिडकीची सवय लागली होती. एका संध्याकाळी खिडकीशी बसले असताना मागून कानातल्यांची ट्रे घेऊन नेहमीची मुलगी आली आणि ओरडली, ‘झुमके तीसला, तीसला!’ परवापर्यंत हेच झुमके पन्नासला होते. मी झट्‌कन उजवीकडे वळले, ट्रे हातात घेतली, हिरवे झुमके उचलले, उजेडाला धरून पुढून पाहिले, मागून पाहिले, जोडी जुळते का बघायला मान दोन्हीकडे कलती केली आणि म्हणाले, ‘वीसला दे.’ डब्यात शांतता पसरली होती. मी वर पाहिलं तर समोरच्या दोन्ही बाकांवरच्या बायका माझ्या मानेकडे बघत होत्या. उभ्या असलेल्यांपैकी एकीच्या कडेवर मूल होतं.

मी उठले. पट्टा काढून पर्समध्ये ठेवला. झुमके तीसलाच घेतले.

बरं झाल्याची बातमी पसरली तसा श्रेयाचा वाद उभा राहिला. सासूबाई म्हणतात, उशी. सासरे म्हणतात, दुपारची झोप बंद केली म्हणून. डब्यात निर्गुंडीवालीचा आणि मिठाच्या पुरचुंडीवालीचा अबोला आहे. हवालदार चौकात दिसले की पाय किंचित उचलून भुवया उडवतात. नवरा गप्प असतो, पण मलमाची ट्यूब त्याने कपाटात पुढे ठेवली आहे. डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी जे म्हणाल्या होत्या, आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप सुटेल, ते मी एकदा घरात बोलून दाखवलं. सगळे मिळून माझ्यावर उखडले. आपोआप कसं सुटेल? मग आम्ही एवढं केलं ते काय?

फिजिओची मुलगीच काय ती श्रेय मागत नाही. ती फी मागते.

दुसरा स्क्रीन मी समोर आणि खाली घेतला आहे. फोनला आता मीही कानात खुपसायचं यंत्र लावलं आहे, आणि खांदा रिकामा राहतो त्याची चुटपुट लागते. गेल्या आठवड्यात त्याच यंत्रात एक ओळखीचा आवाज आला. पायाळू मावशी. आवाज दबका होता.

‘अगं, सकाळी उठले तर मान वळेना.’

मी म्हणाले, ‘मावशी, उसणीला तुमच्याकडे येतात लोक.’

‘ते खरं गं. पण माझा पाय मला कसा लागायचा? आणि गावात दुसरं पायाळू कोण उरलंय? एक होता तो दुबईला गेला.’ थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. ‘ती व्यायामवाली पोरगी कुठे बसते तुझी? तिचा नंबर दे मला. आणि हे बघ, त्या हवालदाराला बोलू नकोस हं.’